दोन बैलांची मोटारगाडी

वर्ध्याच्या जुन्या मंडळींत बसले की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. 1936 साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले. पुढे त्याच शेगावचे सेवाग्राम झाले. शहरापासून अंतर सात-आठ किलोमीटरांचे. पण तेव्हाची वाट म्हणजे पावसाळ्यात काळ्या मातीचा नुसता लगदा. जमनालालजी बजाज यांच्याकडे एक फोर्ड मोटार होती. सांगतात की, ह्या मोटारीला चक्क बैल जुंपले गेले आणि ती मंडळींची ने-आण करू लागली. इंग्रजीत बैलाला ऑक्स म्हणतात. मग बैलांनी ओढलेल्या फोर्डचे नाव काय पडावे? ‘ऑक्सफोर्ड’! विलायतेचे तोंड न पाहता ऑक्सफोर्डमध्ये बसून आलेले लोक एकट्या वर्ध्यातच सापडायचे.

हसून सोडून द्यावी अशी ही गोष्ट. पण गेल्या दिवाळीत मामांच्या घरी ती मला पुन्हा आठवली, आणि ह्या खेपेला ती नुसती हसण्यावारी नेता आली नाही.

त्याचे असे झाले. वसुबारसेच्या आदल्या दिवशी वर्ध्याहून मामींचा फोन आला. आवाज दबका. “तू ये बाप्पा दिवाळीले. ह्या बाप-लेकाचं बोलणं बंद होऊन पंधरा दिवस झाले. मी कोणाच्या ताटात काय वाढू अन् कोणाशी काय बोलू?”

कारण विचारले, तर गाडी!

मामा शहात्तर वर्षांचे. एका जिनिंगमध्ये फिटर म्हणून त्यांनी हयात काढली. सेलूकडे पाच एकर शेत, त्यात विहीर, आणि दाराशी तीस वर्षे स्वतः चालवलेली मोटार. श्रावणात एकदा ते शेतावरून परतत होते. दिवेलागणीची वेळ, पाऊस भुरभुरत होता. पवनारजवळ समोर एक बंडी चालली होती, मागे दिवा ना कंदील. मामांना ती दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. ब्रेक लागला, गाडी बंडीपासून हातभर अंतरावर थांबली. बंडीवाल्याने मागे वळून पाहिले, हात वर केला आणि तो निघून गेला. मामा घरी आले, किल्ली खिळ्याला अडकवली आणि न जेवता निजले. हे मामींनी लेकाला सांगितले. माझा हा मामेभाऊ नागपुरात नोकरीला. त्याने दसऱ्याला जुनी गाडी विकून टाकली, वडिलांच्या नावे नवी कोरी हायब्रिड गाडी घेतली, अंगणात आणून उभी केली, आणि किल्ली मात्र स्वतःच्या खिशात ठेवली!

“माझ्या नावची गाडी अन् किल्ली तुझ्या खिशात?” एवढे एक वाक्य मामा बोलले. त्यानंतर बोलणे बंद. गाडी आठवडाभर ताडपत्रीखाली झाकलेली, आणि रविवारी लेक आला की उघडायची.

आता अशा भांडणात भाच्याने काय करावे? मी एक साधा उपाय काढला. सर्वांनी मिळून केळझरच्या गणपतीला जाऊन यायचे. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याने पंचवीसेक किलोमीटर. डॉक्टरांनी मामांना मोतीबिंदू सांगितला होता. दिवाळीनंतर शस्त्रक्रिया ठरली होती. दिवसा चालवायला हरकत नाही, अंधारात चालवू नका, असे त्यांचे सांगणे. म्हणून मी म्हटले, जाताना मामा चालवतील. मामेभाऊ काही बोलला नाही, पण किल्ली त्याने माझ्या हातात दिली, वडिलांच्या नाही. ती मी पुढे केली.

मामा बसले. ब्रेकवर पाय ठेवून त्यांनी बटण दाबले. आवाज नाही. पुन्हा दाबले. तरी नाही.

“बिघडली का रे आताच?”

“बाबा, पहिल्यांदाच सुरू झाली होती. दुसऱ्यांदा तुम्ही बंद केली,” मागून मामेभाऊ म्हणाला. पंधरा दिवसांतले हे पहिले वाक्य! मामींनी माझ्याकडे पाहिले.

वाचकहो, हायब्रिड गाडीतील पहिला धडा हाच. ‘तयार’ असल्याचा दिवा लागला की गाडी तयार. इंजिन धडधडलेच पाहिजे असे नाही. मामांनी पाय हलका केला आणि गाडी अंगणातून मांजराच्या पावलांनी बाहेर पडली. गल्लीत कोंबडी मध्येच उभी. तिला पत्ताच नाही. ह्या शांतपणात धोकाही आहे. रस्त्यातल्या पोरांना आणि म्हाताऱ्यांना मागची गाडी ऐकू येत नाही, तेव्हा चालवणाऱ्याने दुप्पट जपावे.

“म्हणजे विजेवर चालून राहिली,” मामा म्हणाले. “अन् वीज संपली की पेट्रोल. आपल्या विहिरीवर होतं तसंच. लाइन होती तोवर मोटरपंप, लाइन गेली की पट्टा काढायचा अन् ऑइल इंजिनवर चढवायचा. यात नवं काय?”

हा समज मामांचाच नाही, पुष्कळ शिकल्यासवरलेल्यांचाही आहे. म्हणून तो इथेच दुरुस्त करू. विहिरीवर दोन पुरवठे होते. वीज बाहेरून तारेने यायची, डिझेल डब्यातून. ह्या गाडीला मात्र तार नाही. मामींनी आदल्याच दिवशी मला विचारले होते, “हिचा प्लग कुठं लावायचा?” कुठेच नाही. तारेने भरून घेण्याची सोय असलेल्या हायब्रिड गाड्याही असतात, पण आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या हायब्रिडना ती नसते. ह्या गाडीत बाहेरून येते ते फक्त पेट्रोल. बॅटरीतली वीज त्याच पेट्रोलातून, गाडीतच तयार होते.

आणि बॅटरी केवढी? आपल्या विजेच्या बिलावर जे युनिट असते ना, तेवढी. पाऊण ते दीड युनिट. नुसत्या विजेवर चालणाऱ्या मोटारीत तीस-चाळीस युनिटांची बॅटरी असते, आणि इथे इस्त्री तासभर तापेल एवढीच शिल्लक. एवढ्यावर गाडी चालून चालून किती चालणार? सपाटीवर दोन-तीन किलोमीटर. म्हणजे ही बॅटरी धान्याची कणगी नव्हे. ती स्वयंपाकघरातला पिठाचा डबा आहे. रोज भरायचा, रोज रिता करायचा.

“मग फायदा काय?” मामांनी विचारले. “पेट्रोलची वीज करायची अन् विजेनं चाक फिरवायचं, यात तर दोनदा गळती. फिटरले हे शिकवू नको.”

प्रश्न बिनतोड होता. तेवढ्यात आम्ही बजाज चौकात पोहोचलो. दिवाळीचा बाजार, पणत्या, झेंडूची फुले, आकाशकंदील आणि माणसांचा पूर. गाडी चार पावले चालायची, थांबायची. मामांच्या प्रश्नाचे उत्तर ह्याच गर्दीत होते.

पेट्रोल इंजिनाचा एक स्वभाव आहे. त्याला अगदी हळू फिरता येत नाही. मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांखाली गेले की ते गचके देऊन बंद पडते. म्हणून साधी गाडी चौकात उभी असली तरी इंजिन फिरत राहते आणि पेट्रोल जळत राहते. चालायला लागले की क्लच दाबा, गिअर टाका, घसटत घसटत वेग घ्या. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिटांची शक्ती असते. पण अशा गर्दीत तिच्यातला मोठा वाटा उष्णता होऊन धुराड्यातून आणि रेडिएटरमधून उडून जातो. चाकापर्यंत पोहोचतो तो थोडाच हिस्सा.

विजेच्या मोटरचा स्वभाव नेमका उलटा. उभ्या जागेवरून, पहिल्या क्षणापासून तिचा पूर्ण जोर. थांबली की काही खात नाही. तेव्हा चौकात, गल्लीत, रांगेत मोटरने ओढावे आणि इंजिनाने झोपावे. इंजिनाला उठवायचे ते त्याच्या आवडीच्या चालीत, म्हणजे मध्यम फेऱ्या आणि बऱ्यापैकी भार असताना. त्या चालीत आजच्या हायब्रिडचे उत्तम इंजिन पेट्रोलमधील शक्तीचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग कामी लावते. दोनदा गळती होऊनही हिशेब फायद्यात राहतो, तो ह्यामुळे.

दुसरा फायदा ब्रेकचा. चौदाशे किलोची गाडी ताशी साठ किलोमीटरने धावत असताना थांबवली, तर तिच्या वेगात साठलेली शक्ती नऊ वॅटचा बल्ब सहा तास जाळायला पुरेल एवढी असते. साध्या गाडीत ती ब्रेकच्या घर्षणात गरम होऊन वाया जाते. हायब्रिडमध्ये ब्रेक हलका दाबला की तीच मोटर उलट कामाला लागते. चाक तिला फिरवते, ती वीज करते आणि वीज डब्यात पडते. सारी परत मिळत नाही, पण बरीच मिळते. थांबणे जितके जास्त, तितकी ही वसुली जास्त. म्हणूनच ह्या गाडीचे एक नवल आहे. साधी गाडी गावापेक्षा महामार्गावर कमी पेट्रोल पिते. हायब्रिडची मोठी बचत गावातल्या गर्दीतच दिसते. महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना इंजिन बहुतेक वेळ जागेच असते, आणि मग साध्या गाडीपुढे तिची बढाई कमी होते.

चौकात उभे असतानाच एकदम गुरगुर झाली. मामा दचकले.

“उभ्या गाडीत इंजिन कायले सुरू झालं? मी तर काहीच केलं नाही.”

तुम्ही नाही, मामा, संगणकाने केले. ह्या गाडीत दोन यंत्रांवर एक तिसरा पहारेकरी असतो. तो सेकंदाला कितीतरी वेळा चार-सहा गोष्टी पाहतो. पायाने किती दाब दिला? वेग किती? बॅटरीत किती शिल्लक? इंजिनाचे पाणी तापले आहे का? थंड हवेचे यंत्र किती वीज खात आहे? बॅटरी पूर्ण रिती करायची नाही आणि काठोकाठ भरायचीही नाही, हा त्याचा नियम. साधारण चाळीस ते ऐंशी टक्के ह्या पट्ट्यात तो ती राखतो, म्हणून ती वर्षानुवर्षे टिकते. खाली आली की उभ्या गाडीतही इंजिन उठवतो आणि भरती करतो. सकाळी पहिल्यांदा गाडी काढली की इंजिन थोडा वेळ चालते, तेही ह्याच्याच हुकमाने. धूर शुद्ध करणारे यंत्र गरम झाल्याशिवाय काम देत नाही. इंजिन केव्हा उठेल हे माणसाने ठरवायचे नसते. माणसाने फक्त पाय हलका ठेवायचा.

शहर मागे पडले. पवनारचा पूल आला. खाली धाम नदी, पलीकडे विनोबांचा आश्रम. मामांनी इथे वेग आपोआप कमी केला. श्रावणातली जागा तीच असावी. कोणी काही बोलले नाही. पुलापलीकडे मोकळा रस्ता लागला तशी त्यांनी गाडी सोडली. मी समोरच्या पडद्यावर पाहत होतो. तिथे बाणांची आकृती असते. आतापर्यंत बॅटरीकडून चाकाकडे बाण होता. आता इंजिनाकडूनही निघाला.

“केव्हा सुरू झालं?” मामांनी विचारले. “धक्का लागला नाही. क्लच नाही, गिअर नाही. पट्टा कोणी चढवला?”

खरा प्रश्न हा आहे आणि ह्या गाडीची सारी करामत इथेच आहे. पट्टा कोणी चढवला? उत्तर असे की, पट्टा कधी काढलेलाच नव्हता.

कल्पना करा. मधोमध एक लहान दातेरी चाक. त्याला सूर्य म्हणू. त्याच्याभोवती तीन-चार आणखी चाके, ते ग्रह. आणि सर्वांना वेढणारे एक मोठे कडे, ज्याचे दाते आतल्या बाजूला. सगळे एकमेकांत अडकलेले. आता तीन भागीदारांना ह्या तीन जागा वाटून द्या. इंजिन जोडले ग्रहांना धरणाऱ्या चौकटीला. एक लहान मोटर सूर्याला. आणि कड्याला मोठी मोटर व गाडीची चाके. ह्या तिघांपैकी दोघांची चाल ठरली की तिसऱ्याची आपोआप ठरते.

गल्लीत काय होत होते? मोठी मोटर कडे फिरवत होती. इंजिन स्थिर, म्हणून ग्रहांची चौकट स्थिर. सूर्य बिचारा उलटा भिरभिरत होता, रिकामाच. मोकळ्या रस्त्यावर मामांनी पाय दाबला. पहारेकऱ्याने लहान मोटरला हुकूम दिला. तिने सूर्याला पेलून धरले, त्यासरशी चौकट फिरू लागली आणि तिच्याबरोबर इंजिनही. इंजिन हजारेक फेऱ्यांवर आल्यावर मग त्याला पेट्रोल आणि ठिणगी मिळाली. म्हणजे झोपेतल्या माणसाला हलवून उठवायचे नाही. आधी चार पावले हाताला धरून चालवायचे आणि मग डोळे उघडायला सांगायचे. धक्का लागेल कसा?

पुढे इंजिनाचा जोर ह्याच चक्रांतून दोघांत वाटला जातो. टोयोटाच्या प्रियस गाडीच्या पहिल्या पिढ्यांत सूर्याला 30 दाते आणि कड्याला 78. त्या प्रमाणात इंजिनाच्या पिळाचे सुमारे 72 टक्के थेट चाकांकडे आणि 28 टक्के लहान मोटरकडे जातात. लहान मोटर त्याची वीज करते; ती मोठ्या मोटरला मिळते किंवा बॅटरीत जाते. लहान मोटरची चाल कमीजास्त केली की तोच एक संच सगळ्या गिअरांचे काम करतो.

सगळ्यांचीच रीत अशी नसते. होंडाच्या हायब्रिड सिटीत बहुतेक वेळ इंजिन फक्त वीज करते आणि मोटर चाके फिरवते. महामार्गाच्या वेगात मात्र एक क्लच इंजिनाला थेट चाकांशी जोडतो. यातली पहिली तऱ्हा आपण जन्मभर पाहिलेली आहे. रेल्वेचे डिझेल इंजिन असेच चालते. आतला अजस्र डिझेल संच चाकांना हात लावत नाही. तो वीज करतो आणि डब्याखालच्या मोटरी चाके फिरवतात.

मुळात कल्पनाही जुनी. 1900 साली फर्डिनांड पोर्शे ह्या तरुणाने व्हिएन्नाच्या लोनर कारखान्यासाठी अशी गाडी केली होती. पेट्रोल इंजिने वीज करीत आणि पुढच्या चाकांतच मोटरी बसवलेल्या. पण दोन शक्तींचा मेळ क्षणाक्षणाला घालणारा पहारेकरी तेव्हा नव्हता. तो इलेक्ट्रॉनिक युगात मिळाला, आणि डिसेंबर 1997 मध्ये जपानात प्रियस बाजारात आली. त्याच 1997 साली टोयोटा आणि आपले किर्लोस्कर ह्यांची भागीदारी झाली. बंगळूरजवळच्या बिडदीच्या कारखान्यात 2013 पासून कॅम्री हायब्रिड, आणि 2022 मध्ये मध्यमवर्गाच्या आटोक्यातली हायरायडर तयार होऊ लागली.

हे मी सांगितले तेव्हा मामांचा चेहरा खुलला. “आपल्या विहिरीवरचं इंजिन किर्लोस्करचंच होतं.” खरेच. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली ती लोखंडी नांगरासाठी. नांगर, ऑइल इंजिन, आणि आता ही गाडी. शेतकऱ्याच्या घरात हे नाव नवे नाही.

केळझरला पोहोचलो. टेकडीवर गणपती. पुराणातली एकचक्रानगरी ती हीच, असे गावचे लोक मानतात. बकासुराला गाडाभर अन्न जायचे, आणि तो अन्नाबरोबर बैलही फस्त करायचा. मामा पायरीवर बसून हसले. “पेट्रोल पिणारी गाडी म्हणजे बकासुरच. ही थोडं कमी खाते एवढंच.”

मग ते आपल्या वडिलांच्या बैलजोडीबद्दल बोलू लागले. वर्धा जिल्ह्यात आर्वी-कारंजाकडची गवळाऊ जात प्रसिद्ध आहे. पांढरी, हलक्या अंगाची, पळण्यात पटाईत. “आमच्या जोडीत एक गवळाऊ होता अन् एक जड हाडाचा. गवळाऊ सुरुवातीले झटकन उचले. चढणीवर जडवाला ओढे. बाप कधी दोघाले सारखं हाणत नसे. कासरा नुसता इकडून तिकडं हलवे. पाहणाऱ्याले कळत नसे कोण ओढून राहिला. पण जू दोघांच्याही मानेवर असे. एकाले सोडून दिलं नाही कधी.”

मी म्हटले, “मामा, ह्या इंजिनाचंही तसंच आहे.” हायब्रिडच्या इंजिनाची झडप मुद्दाम उशिरा मिटतात. त्याने पेट्रोल वाचते, पण सुरुवातीचा जोर उणा पडतो. जेम्स ॲटकिन्सन ह्या इंग्रजाने 1882 साली काढलेल्या युक्तीतून आलेली ही तऱ्हा. साध्या गाडीत असे इंजिन कोणी घेणार नाही, उठायला मंद. इथे चालते, कारण उठायच्या वेळी मोटर शेजारी आहे. एकाचे उणे दुसऱ्याने झाकले की दोघांनाही आपापल्या गुणावर जगता येते.

मामा काही बोलले नाहीत. मामेभाऊ मागे उभा होता. त्यानेही ऐकले असावे.

उतरताना सूर्य टेकडीआड गेला होता. गाडीशी आल्यावर मामींनी फराळाची पिशवी मागच्या सीटजवळच्या जाळीला टेकवून ठेवली, ती मामेभावाने उचलली. “आई, तिथं नको. बॅटरीले त्या जाळीतून वारा लागते.” हे गृहिणींनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अनेक हायब्रिड गाड्यांत बॅटरी मागच्या सीटखाली किंवा सामानाच्या जागेजवळ असते आणि तिला थंड करणारी हवा त्या जाळीतून जाते. चिवड्याच्या डब्याने ती कोंडू नये. तसेच नारिंगी वेष्टनाच्या जाड तारा दिसल्या तर हात लावू नये आणि रस्त्याकडेच्या कारागिरालाही लावू देऊ नये. त्यांत शेकडो व्होल्टची वीज असते.

मामा चालकाच्या दारापाशी आले. अंगात यायला लागलेला गारवा, रस्त्यावर संधिप्रकाश. त्यांनी दाराला हात घातला आणि क्षणभर तसेच उभे राहिले. मामेभाऊ पाहत होता. मला वाटले, आता पुन्हा ठिणगी पडणार.

मामांनी खिशातून किल्ली काढली आणि लेकापुढे धरली.

“घे. इथून पुढं तू. अंधार पडला की मले बंडी दिसत नाही. ते मले श्रावणातच कळलं होतं. तू सांगायची गरज नव्हती.” जरा थांबून ते म्हणाले, “पण एक लक्षात ठेव. तू माझा पट्टाच काढून ठेवला होता. पट्टा काढू नको. जोर कोणी लावायचा, तेवढं ठरवू.”

मामेभाऊ किल्लीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “बाबा, चुकलं माझं. घाबरलो होतो.”

“मी पण,” मामा म्हणाले आणि दुसऱ्या बाजूने जाऊन बसले.

परतीच्या वाटेवर बाप-लेकांत जे बोलणे सुरू झाले ते पेट्रोलच्या हिशेबापासून कपाशीच्या भावापर्यंत गेले. सेलू केव्हा मागे पडले, इंजिन केव्हा उठले आणि केव्हा निजले, कोणाला कळले नाही. पवनारच्या पुलावर पुढे एक बंडी होती. मामेभावाने दुरूनच वेग कमी केला. पडद्यावरचा बाण उलटा फिरला. वीज डब्यात पडू लागली.

घरी आल्यावर व्यवस्था ठरली. वर्ध्यात, दिवसाउजेडी, भाजीबाजार, बँक आणि शेतापर्यंत मामा. दिवेलागणीनंतर आणि महामार्गावर मुलगा. तो नसेल तर गाडी घरीच, किंवा शेजारचा ओळखीचा चालक. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर काय म्हणतात ते पाहून पुन्हा ठरवायचे. किल्ली पुन्हा खिळ्याला, सर्वांना दिसेल अशी.

पाडव्याच्या दिवशी निघताना मी मामींना विचारले, “आता ताटात काय वाढायचं ते कळतं नं?”

“कळते,” त्या म्हणाल्या. “पण आता दोघं इतके बोलून राहिले की जेवण थंड होते.”